न साकळणारे रक्त

मराठी भाषेने रक्तावर थोडा अन्याय केला आहे असे मला पुष्कळदा वाटते. आपल्याकडे रक्त उसळते, सळसळते, पेटते. कुणाच्या रक्ताचे पाणी होते, तर कुणी ते आटवतो. या कशालाच माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका वाक्प्रचाराला. कादंबरीतल्या नायकाने अंधाऱ्या वाड्यात पाऊल टाकले आणि आत काही खुट्ट वाजले, की त्याचे रक्त 'गोठते'. गोठणे म्हणजे भय, गोठणे म्हणजे मरणाची चाहूल! वास्तविक रक्त जागच्या जागी आणि वेळच्या वेळी गोठते, म्हणूनच आपण सगळे या दिवाळीच्या फराळापर्यंत सुखरूप येऊन पोचलो आहोत.

खेड्यातली माणसे या बाबतीत अधिक नेमकी आहेत. दूध विरजते, तूप थिजते, पाणी गोठते आणि रक्त साकळते. या एका कामासाठी भाषेने एक अख्खा शब्द राखून ठेवला आहे, आणि त्यात भीतीचा लवलेश नाही. आंबेगाव तालुक्यातले निरगुडसर हे माझे माहेर. लहानपणी तिथे अंगावर साकळलेल्या रक्ताची खपली नाही असे पोर मी पाहिले नाही. बाभळीचा काटा, विळ्याचे टोक, बैलाच्या जूची फट, आणि पुढे डिंभे धरणाचे पाणी फिरून तालुक्यात ऊस वाढला तशी उसाची पात. ती तर कागदासारखी कापते. कापले की बांधावरचा दगडी पाला चोळायचा आणि रस पिळायचा. रक्त थांबायचे. श्रेय पाल्याला मिळायचे. आपले रक्त स्वतःच स्वतःला बांध घालत होते, हे कुणाच्या गावीही नव्हते. आणि असायचे कारणही नव्हते. बिनचूक चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतो?

आमच्या घरात ही गोष्ट चुकली, तेव्हा सगळ्यांनी बघितले.

मी शिक्षिकेची नोकरी करीत जिल्हाभर हिंडले आणि निवृत्तीनंतर भावाच्या घरी निरगुडसरला येऊन राहिले. त्याच सुमारास भावाच्या सुनेला मुलगा झाला. घरात पुष्कळ वर्षांनी पाळणा हालला होता, त्यामुळे त्या मुलाचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण रांगायला लागला आणि त्याच्या गुडघ्यांवर, दंडावर, बरगडीवर निळे डाग दिसू लागले. कुणी उचलून घेतले की बोटांच्या खुणा उमटत. वहिनी म्हणायची, "नाजूक कांती आहे, माझ्या माहेरावर गेलाय." चौदाव्या महिन्यात उंबऱ्यावर पडला आणि वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटला. टिचभर जखम, पण रात्रभर रक्त झिरपत राहिले, दुसऱ्या दिवशी थांबल्यासारखे झाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. एका दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या अंगावरचे डाग पाहिले आणि सुनेला बाजूला घेऊन विचारले, "याला घरात कोणी मारतं का?" प्रश्न रास्त होता. पण ती बिचारी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुण्याला तपासणी झाली. प्रौढ निरोगी माणसाच्या रक्तात ज्या घटकाचे प्रमाण शंभर धरतात, तो या मुलाच्या रक्तात एकाहूनही कमी होता. आठवा घटक. रोगाचे नाव हिमोफिलिया. गावात या नावाचे दोन दिवसांत 'हेमाफुली' झाले, आणि मला ते मूळ नावापेक्षा बरे वाटले.

रक्त साकळते कसे, हे मी तेव्हा प्रथम नीट समजून घेतले. शिक्षकाला समजले की सांगितल्यावाचून राहवत नाही, तेव्हा वाचकांनी दोन मिनिटे वर्गात बसल्याप्रमाणे बसावे. रक्तवाहिनी फाटली की आधी बिंबिका धावतात. डेंग्यूच्या साथींनी यांना 'प्लेटलेट' या नावाने घरोघरी पोचवले आहे. त्या भोकाला चिकटून कच्चा बांध घालतात. मग पक्का बांध घालायचे काम सुरू होते. त्यासाठी रक्तात काही प्रथिने असतात, त्यांना रोमन आकडे दिले आहेत. घराचा स्लॅब पडताना माणसे रांगेने उभी राहून मालाची पाटी पुढे देतात ना, तसेच हे. बाराव्याने अकराव्याला, नवव्याने आठव्याच्या मदतीने दहाव्याला, असे करत शेवटी धाग्यांचे जाळे विणले जाते आणि बांध पक्का होतो. रांगेत सहावा कोणीच नाही. त्याला आकडा दिल्यावर कळले की तो पाचव्याचेच दुसरे रूप आहे, म्हणून हजेरीपटावरून त्याचे नाव उडाले. मौज सोडा, पण रांगेतला एक माणूस नसला की पाटी तिथेच अडते. कच्चा बांध पडतो, पक्का पडत नाही. म्हणून हिमोफिलियाच्या मुलाचे रक्त भळाभळा वाहते ही समजूत खोटी आहे. ते इतरांइतक्याच वेगाने वाहते. फक्त थांबत नाही. आणि खरचटण्याची, काटा टोचण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती न दिसणाऱ्या रक्ताची. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात ते आतल्या आत झिरपते, सांधा फुगतो, तापतो, पोर रात्रभर कळवळते. आणि असे वारंवार झाले की आतली कूर्चा झिजून ऐन विशीत म्हाताऱ्याचा गुडघा होतो. डोक्यात झाले तर विचारायलाच नको.

आता गावाच्या नावाकडे येते. निरगुडसर हे नाव निर्गुडीवरूनच पडले असे मी छातीठोकपणे सांगत नाही, पण त्यात निर्गुडी ऐकू येते हे खरे. सुजलेल्या सांध्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. बाळंतिणीपासून बैलापर्यंत सगळ्यांना तो चालतो. मुलाचा गुडघा पहिल्यांदा नारळाएवढा सुजला, तेव्हा वहिनीने पाला तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून ठेवलाच होता. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले, शेक नको, चोळणे तर मुळीच नको. गरम केले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतला स्राव वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच करा, हलवू नका, आणि लवकरात लवकर घटकाचे इंजेक्शन द्या. दुखण्यावर ॲस्पिरिनच्या जातीची गोळी चुकूनही नको. तिने बिंबिकाही लुळ्या पडतात. वहिनी फडके हातात धरून तशीच उभी राहिली. ज्या हातांनी सात-आठ बाळंतपणे निभावली, त्या हातांना सांगायचे की आता तुम्ही काही करू नका, हे सोपे नाही. शेवटी म्हणाली, "बर्फानं पोर बरं होतं, असं कुणी माझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं पायातली चप्पल काढली असती." आणि फ्रीजमधला बर्फ काढायला गेली. निर्गुडीचा तो पाला तिने टाकला नाही. संध्याकाळी माझ्या कमरेला बांधला.

बर्फावर निभावले, पण एक बोलणे वितळायला फार दिवस गेले. "आमच्या घरात असलं रक्त नव्हतं." हे वाक्य वहिनी सुनेला उद्देशून कधीच बोलली नाही, भांड्यांना उद्देशून बोलायची. आणि दुर्दैव असे की शास्त्र वरवर पाहता तिच्याच बाजूचे होते. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एकच एक्स मिळते आणि ते आईकडून येते. आईला दोन असतात, त्यामुळे एक बिघडलेले असले तरी दुसरे सहसा सांभाळून घेते आणि तिला स्वतःला पत्ता लागत नाही. अशा आईच्या दर मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि दर मुलीला तो पुढे वाहण्याची शक्यता निम्मी. यहुदी लोकांच्या तालमूदमध्ये फार जुना नियम आहे. सुंता केल्यावर रक्त जाऊन दोन मुलगे दगावले असतील, तर तिसऱ्याची करू नये. तिथे सख्ख्या बहिणींच्या मुलांचीही अशीच एक हकीकत आहे. म्हणजे हे दुखणे बायकांच्या वाटेने चालते, हे त्या पंडितांनी दीड हजार वर्षांपूर्वी हेरले होते. आपली वंशावळ मात्र बापाकडून मुलाकडे जाते. हेळव्याच्या वहीत सात पिढ्या मिळतील, पण त्यात आजीच्या आईचे नाव मिळणार नाही. ज्या वाटेने हा रोग येतो, ती वाटच आपण लिहून ठेवत नाही.

पुण्याला डॉक्टरीणबाईंनी नेमकी तीच वाट विचारली. सुनेला पुढ्यात बसवून त्या कागदावर चौकोन-गोल काढत गेल्या. तुझ्या आईचे भाऊ किती? आजीचे भाऊ किती? लहानपणी कोणी गेले का? सुनेने जुन्नरकडच्या आपल्या आईला फोन लावला. आई आधी नाही नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने तिचाच उलट फोन आला. तिला एक भाऊ होता. सात वर्षांचा असताना गेला. "दात पडला आणि गेला," एवढेच घरात सांगत. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे बाहेरचे झाले. त्याचे नाव घरात कोणी घेत नसे, फोटोही नव्हता. इतक्या वर्षांनी पुण्याच्या एका टेबलावरच्या कागदावर त्या मुलासाठी एक चौकोन काढला गेला, तो काळा भरला गेला, आणि त्यावर मरणाची तिरपी रेघ ओढली गेली.

पुढे सुनेच्या रक्ताची तपासणी झाली. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. ज्याला सारे जग 'बॉम्बे' म्हणून ओळखते तो दुर्मिळ रक्तगट १९५२ मध्ये उजेडात आला, तोही याच परिसरातल्या डॉक्टरांच्या हातून. हिमोफिलियाच्या घराण्यांचा जनुकीय शोध घेण्याचे मोठे काम या संस्थेत झाले आहे. आमच्या कागदाची परीक्षा कुठे झाली ते सांगायला नको. पण आपल्या मातीत हे ज्ञान आहे, ते लंडनहून आणावे लागत नाही, हे मला सांगायचे होते. कागद घरी आला त्या संध्याकाळी वहिनीने भांड्यांना सोडून सरळ सुनेला विचारले, "काय लिहिलंय?"

सून म्हणाली, "आई, गुणसूत्र कुठून आलं ते लिहिलंय. दोष कुणाचा ते लिहीत नाहीत त्यात."

वहिनी काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने, दिवे गेल्यावर, अंधारात तिचा आवाज आला. "तुझ्या त्या मामाला बर्फ लावायला कुणी सांगितलं नाही गं तेव्हा." त्यानंतर घरातल्या भांड्यांना शांतता मिळाली.

ज्या घरात असा मामा सापडत नाही, तिथल्या सासवांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवते. सुमारे तिसरा हिस्सा मुलांच्या बाबतीत मागे कोणताही इतिहास नसतो. बिघाड त्या मुलात किंवा त्याच्या आईतच नव्याने झालेला असतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या माहेरीही मागे कुणाला हा आजार झाल्याची नोंद नाही. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये कान येथे पडल्याचे निमित्त होऊन तिसाव्या वर्षी गेला. तिच्या मुलींच्या वाटेने हे रक्त युरोपच्या राजवाड्यांतून फिरले आणि १९०४ मध्ये रशियाच्या युवराजापर्यंत, अलेक्सीपर्यंत, पोचले. त्या पोराच्या वेदनांमुळे रास्पुतिनला राजवाड्यात कसा शिरकाव मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या अस्थींची २००९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा कळले की त्याच्यात कमी होता तो नववा घटक. आमच्या मुलाचा आठवा. जगाचे अर्धे राज्य असलेल्या त्या घराण्याला या रक्तावर काडीचा उपाय नव्हता. आमच्या घरी तो फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी असतो.

इथवर येण्याचा रस्ता मात्र सरळ नव्हता. दिवाळी अंकाच्या वाचकांना यातली एक गोष्ट आवडेल. आपला दिवाळी अंक तसा इंग्रज डॉक्टरांच्या एका प्रसिद्ध साप्ताहिकाचा नाताळ अंक. १९५२ च्या त्या अंकात नव्या प्रकारच्या हिमोफिलियावर लेख आला, आणि ज्या पाच वर्षांच्या रुग्णावरून तो प्रकार ओळखला त्या मुलाचे आडनावच होते ख्रिसमस! रोगाला नावही 'ख्रिसमसचा आजार' असेच पडले. नाताळ अंकाला शोभेल असा हा योग. पण हाच स्टीफन ख्रिसमस १९९३ मध्ये एड्सने वारला. त्याला वाचवण्यासाठी दिलेल्या दुसऱ्यांच्या रक्तातूनच तो विषाणू आला होता. त्या काळात जगभर हजारो हिमोफिलिया रुग्ण असे गेले. रक्तासाठी रक्त घेणाऱ्यांनी ही केवढी किंमत मोजली, ती आपण विसरू नये. त्याआधी १९६४ मध्ये ज्युडिथ पूल या अमेरिकन बाईंच्या लक्षात आले होते, की गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला तर तळाशी जो साका राहतो त्यातच आठवा घटक साठलेला असतो. लोणी काढणाऱ्या बाईला सुचावी अशीच ही युक्ती. तिने खेड्यापाड्यांतल्या रक्तपेढ्यांनाही औषध तयार करता येऊ लागले. आता घटक प्रयोगशाळेत, माणसाच्या रक्तावाचूनही बनतो.

आपल्या देशात हे औषध गरिबाच्या दारी यावे म्हणून जे झगडले, त्यांत अशोक बहादूर वर्मा हे स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण होते; त्यांनी १९८३ मध्ये देशव्यापी संघटना उभी केली. पुण्यात तिची शाखा आहे. महाराष्ट्रात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांतून घटक विनामूल्य मिळतो, आणि २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वात धरले आहे. विनामूल्य याचा अर्थ बिनकष्टाचा असा मात्र नव्हे. निरगुडसरहून मंचर, मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या गर्दीतून पुणे. कडेवर सुजलेल्या गुडघ्याचे पोर, आणि परतताना बर्फाच्या डब्यात औषधाच्या बाटल्या. माझ्या भावाने या रस्त्यावरचे सगळे चहावाले पाठ केले आहेत. पूर्वी सांधा सुजला की धावायचे. आता सुजण्याआधीच ठरलेल्या वारी घटक टोचून घ्यायचा. २०१७ पासून एक नवे औषध निघाले आहे, ते कातडीखाली टोचतात आणि काहींना महिन्यातून एकदा घेतले तरी पुरते. ते आठवा घटक नव्हेच. रांगेत त्याच्या रिकाम्या जागी उभे राहून नवव्याच्या हातची पाटी दहाव्याला देते. आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांच्या पेशींतच आठव्या घटकाचे जनुक घालून रक्तस्राव थांबवल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाऊ वर्तमानपत्रातले ते कात्रण पंचांगात ठेवतो.

मुलांबद्दल एवढे लिहिले, पण मला खरी रुखरुख आहे ती मुलींची. हिमोफिलिया साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला होतो. रक्त न साकळण्याचा दुसरा एक आजार त्याहून कितीतरी अधिक आढळतो; तो मुलगे-मुली दोघांनाही होतो, आणि बहुधा कुणाच्या लक्षातच येत नाही. फिनलंडच्या फॉन विलेब्रांट या डॉक्टरांकडे १९२४ मध्ये समुद्रातल्या एका बेटावरून यॉर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी आली. तिच्या बहिणी लहानपणीच रक्त जाऊन दगावल्या होत्या. पुरुषांचाच म्हणून ठाऊक असलेला रोग मुलींना कसा, या प्रश्नावरून त्यांनी १९२६ मध्ये हा नवा आजार मांडला. त्याला त्यांचेच नाव आहे. यॉर्डिस तेराव्या वर्षी वारली. तिची ती चौथी पाळी होती.

सणाच्या अंकात हे कशाला, असे कुणाला वाटेल. पण वर्गात पाठीमागच्या बाकावर डोके टेकून बसणाऱ्या, महिन्यातले सहा-सात दिवस शाळेत न येणाऱ्या, ओठ पांढरे पडलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. घरी विचारले की आई म्हणते, "आमच्याकडं असंच असतं बाई. मलाही असंच व्हायचं." या वाक्यात सांत्वन आहे आणि निदानही आहे, कारण आईलाही तोच आजार असू शकतो. पाळी आठवड्याहून अधिक चालते, दर तास-दोन तासांनी कापड बदलावे लागते, मोठ्या गाठी पडतात, शिवाय घोळणा फुटतो, दात काढला की रक्त थांबत नाही. असे असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर न थांबता रक्त साकळण्याची तपासणी करून घ्यावी. यावरच्या उपायांत एक साधी गोळी आहे. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात याचा ध्यास घेतलेल्या उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर बाईंनी ती १९६२ मध्ये नवऱ्याच्या साथीने शोधून काढली. जे औषध बाईने बाईसाठी शोधले, ते आमच्या बाक धरून बसणाऱ्या पोरींपर्यंत पोचायला 'असंच असतं' एवढे दोन शब्द आड येतात.

उलटा प्रकारही असतो, आणि तोही आमच्या शेजारच्या वाडीतच आहे. लहानपणी सांधेतापाने एका मुलीच्या हृदयाची झडप खराब झाली, ती बदलून धातूची बसवली. धातूवर रक्त साकळते, आणि त्यातली गाठ सुटून मेंदूकडे गेली तर घात होतो. म्हणून तिला रोज रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते. या गोळीचा जन्म अमेरिकेतल्या गोठ्यात झाला. बुरशी लागलेला गोड गवताचा चारा खाऊन गुरे आतल्या आत रक्त जाऊन मरत. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या किटलीभर न साकळलेले रक्त घेऊन कार्ल लिंक या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला. त्यातून पुढे वॉरफरिन निघाले. १९४८ मध्ये ते आधी उंदरांसाठी बाजारात आले आणि मागाहून माणसांसाठी! मेथी-पालकातले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून या मुलीने भाजी सोडायची नाही, पण रोज बेतानेच, सारखीच खायची. मेथीच्या मळ्यात वाढलेल्या पोरीला हे पथ्य! ती आणि आमचा मुलगा एका एस. टी.ने पुण्याला जातात. एकाचे रक्त साकळत नाही, दुसरीचे साकळू द्यायचे नाही. दोघे खिडकीच्या जागेवरून भांडतात.

मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याला कापसात गुंडाळून ठेवावे असे घरात सगळ्यांना वाटायचे, एक त्याची आई सोडून. शाळेत त्याला खेळाच्या तासाला झाडाखाली बसवू लागले, तेव्हा ती स्वतः गेली आणि म्हणाली, "कबड्डी-कुस्ती नको, बाकी पळू द्या. स्नायू बळकट असले की सांधे वाचतात, डॉक्टरच सांगतात." पोहणे उत्तम, असे कळल्यावर पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत उतरवले, अट एकच, काठावरून सूर नाही, पायऱ्यांनी उतरायचे. पुढे लग्नाचे काय, हा प्रश्न भावाला अधूनमधून सतावतो. त्याला मी सांगते, की या मुलाला मुलगे झाले तर त्यांना हा आजार बापाकडून मिळणार नाही, कारण बाप मुलाला एक्स देतच नाही. वंशाचा दिवा निर्वेध आहे! काळजी घ्यायची ती त्याच्या मुलींची. त्या सगळ्या हे गुणसूत्र घेऊन येतील. सुनेच्या धाकट्या बहिणीने लग्न ठरण्याआधी तपासणी करून घेतली आणि जे निघाले ते मुलाकडच्यांना स्वतः तोंडाने सांगितले. काय निघाले ते मी विचारले नाही. लग्न झाले, जेवण चांगले होते.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलुखात बैलगाडा म्हणजे जीव की प्राण. २०१४ पासून शर्यतींवर बंदी होती. २०२१ च्या डिसेंबरात ती उठली आणि घाट पुन्हा गजबजले. बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर एक बेडर पोर बसलेले असते. आमच्या मुलाला ती घोडी हवी होती. नाही म्हटल्यावर तीन दिवस जेवला नाही. मग घाटावरच्या एका जाणत्याने त्याला घड्याळाशी उभे केले. गाडा सुटल्यापासून निशाणापर्यंत किती सेकंद लागले, ते टिपायचे काम. त्यात तो इतका तरबेज झाला आहे की मोठी माणसे त्याचा शब्द मानतात.

गेल्या यात्रेच्या सकाळी तो लवकर उठला. फ्रीजमधली बाटली काढली, तळहातात धरून कोमट केली, पूड पाण्यात मिसळली; हलवली नाही, नुसती गोल फिरवली. दंडाला पट्टा बांधून स्वतःच शीर शोधली आणि सुई घातली. हे तो या वर्षीच शिकला आहे. आई समोर पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही, पण पोळी लाटायची थांबली होती. सुई काढून त्याने कापूस दाबून धरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटे मोजली, कापूस उचलून पाहिला. मग तो टोपी घालून बाहेर पडला. दुपारी घाटावर मी गेले, तेव्हा धुळीत काही दिसत नव्हते. 'भिर्रर्र'च्या गलक्यात एक गाडा वर गेला, आणि लाउडस्पीकरच्या भोंग्यातून आधी खरखर व मग त्याचा फुटू लागलेला आवाज आला, "अकरा सेकंद, बेचाळीस!" हरलेल्या गाड्याचा मालक तावातावाने त्याच्याशी हुज्जत घालत होता. हा घड्याळ पुढे करून त्याला म्हणत होता, "काका, आकडा बघा की. माझ्यावर काय ओरडताय?"